सर विश्वेश्वरय्या आणि सांडव्याची गोष्ट

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्याकडे इंजिनीअर्स डे साजरा होतो. फोटोला हार, दोन भाषणं, एक पोस्टर कॉम्पिटिशन आणि शेवटी समोसा. भाषणात एक गोष्ट हमखास असते. रात्रीच्या गाडीत सगळे झोपलेले असतात, विश्वेश्वरय्या अचानक साखळी ओढतात, गाडी थांबते आणि पुढे खरंच रूळ तुटलेला सापडतो. चाकांच्या आवाजावरून त्यांना म्हणे ते कळलं. गोष्ट छान आहे, पण ती ऐकून आपण नेमकं काय करायचं हे काही कळत नाही. तसे कान आपल्याला नाहीत, आणि आठ सेमिस्टरमध्ये तसा सब्जेक्टही नाही!

म्हणून मित्रमैत्रिणींनो, या लेखासाठी मी त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट निवडली आहे. तिच्यात आगगाडी नाही. एक जुनं धरण आहे, त्याचा सांडवा आहे, आणि दर पावसाळ्यात त्या सांडव्यावरून वाया जाणारं पाणी नीट बघणारा एक चाळिशीतला इंजिनीअर आहे. ही गोष्ट खडकवासल्याची. ती समजायला दैवी कान लागत नाहीत, सेकंड इयरचं हायड्रॉलिक्स पुरतं.

पुण्याच्या धरणाशी रायगडच्या पोराचा काय संबंध, असं कोणी विचारेल. मी रोह्याचा. आमच्या कुंडलिकेला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण ते सह्याद्रीच्या पलीकडून येतं. सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला त्या मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजघरात घाटाखाली उतरतं. १९२७ पासून हे चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेला मिळतं. हॉस्टेलमधले जे जे कोलाडला राफ्टिंग करून आलेत, त्यांनी याच पाण्यात आरडाओरडा केलेला आहे. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवतात आणि कालव्यांनी रोहा-माणगावकडच्या शेतीला देतात. शेजारच्या पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी तर थेट नवी मुंबईपर्यंत जातं. म्हणजे पेण काय आणि रोहा काय, आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या धरणाच्या खालच्या अंगाला राहतो. वरच्या भिंतीची तब्येत कशी आहे हा प्रश्न आमच्यासाठी परीक्षेपुरता नाही.

आधी सांडवा म्हणजे काय ते सांगतो, कारण हा लेख कॉम्प्युटर आणि ईएनटीसीवालेही वाचतील. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे स्पिलवे हा शब्द मला आधी माहीत झाला आणि सांडवा नंतर. मला सांडवा जास्त आवडला. जास्तीचं पाणी जिथून सांडतं तो सांडवा, शब्दातच अर्थ आहे. धरण भरल्यावरही नदी वरून येतच असते. ते पाणी ठरलेल्या वाटेने सुखरूप खाली नेलं नाही तर ते भिंतीच्या माथ्यावरून जातं. दगडी धरण ते थोडा वेळ सोसेल, मातीचं धरण सोसत नाही. माथ्यावरून पाणी गेलं की माती वाहून जाते आणि काही तासांत भगदाड पडतं. जगात जितकी मातीची धरणं फुटली त्यांतली फार मोठी संख्या अशा माथ्यावरून गेलेल्या पाण्याने फुटलेली आहे. म्हणून धरण तपासायला जाणारा अनुभवी माणूस भिंत बघतोच, पण सांडव्यापाशी जास्त वेळ थांबतो.

आता विश्वेश्वरय्यांकडे वळू. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची जन्मतारीख १५ सप्टेंबर १८६१ अशी दिली जाते. गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. ते लवकर वारले आणि घरची परिस्थिती ओढग्रस्तीची झाली. बेंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना ते शिकवण्या करून राहायचे. १८८१ मध्ये बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनीअरिंग शिकायला आले. हेच आपलं सीओईपी. म्हणजे कर्नाटकचा हा सुपुत्र इंजिनीअर झाला तो मराठी मुलखात! १८८३ च्या एल.सी.ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी मिळायची, त्यामुळे कॅम्पस इंटरव्ह्यूची भानगड नव्हती. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनीअर म्हणून ते नाशिकला रुजू झाले. तेव्हा वय बावीस-तेवीस. आपल्यातला फायनल इयरचा मुलगा समजा.

पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांनी मुंबई इलाख्यातच काढली. खानदेशात धुळ्याकडे पांझरेच्या पात्रातून सायफनने पाट पलीकडे नेण्याचं काम हे त्यांचं सुरुवातीचं अवघड काम. ऐन पावसात, चिखलात, नदीच्या लहरीवर अवलंबून राहून केलेलं. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा माणसांशी त्यांचा स्नेह जुळला. १८९० च्या दशकात त्यांना सिंधमध्ये सक्करच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवलं. तिथली मजा बघा. सिंधू नदी गढूळ, आणि नगरपालिकेकडे पाणी गाळण्याची टाकी बांधायला पैसे नाहीत. यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खणली आणि वाळूच्या थरांतून आपसूक झिरपून आलेलं स्वच्छ पाणी वर उचललं. नदीचीच वाळू, नदीचाच फिल्टर. जे समोर आहे ते आधी नीट बघायचं आणि मग खर्चाचा विचार करायचा ही त्यांची सवय इथेच दिसते. त्यानंतर सुरतेला पाणीपुरवठा, मग पुन्हा पुणे.

१८९९ मध्ये ते पुणे भागाच्या सिंचनाचे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर झाले आणि खडकवासला त्यांच्या अखत्यारीत आलं. १८७० च्या दशकात कर्नल फाईफ यांच्या योजनेतून मुठा नदीवर उभं राहिलेलं हे दगडी धरण. तलावाला इंग्रज लेक फाईफ म्हणत. पुण्याला आणि कॅन्टोन्मेंटला पिण्याचं पाणी आणि कालव्याखालची शेती, दोन्ही भार याच तलावावर. विश्वेश्वरय्या आले तेव्हा धरण वीसेक वर्षांचं होतं. शहर वाढत होतं, पाणी पुरत नव्हतं. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला. मागणी एकच, साठा वाढवा.

साठा वाढवायचा सरळ उपाय म्हणजे भिंत उंच करायची. पण जुनी दगडी भिंत उंच करणं म्हणजे घरावर एक मजला चढवणं नव्हे. भिंतीवरचा पाण्याचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि भिंतीला उलथवणारा मोमेंट घनाच्या पटीत. म्हणजे उंची दहा टक्क्यांनी वाढली तर उलथवणारा जोर तेहेतीस टक्क्यांनी वाढतो. खालची भिंत आणि पाया मात्र तेवढाच राहतो. भिंत पाठीमागून जाड करायची तर खर्च प्रचंड. आणि जुन्या चुन्यातलं बांधकाम नव्याला कितपत धरेल याची खात्री कोण देणार?

इथे विश्वेश्वरय्यांनी सांडव्याकडे पाहिलं. दर पावसाळ्यात पूर आला की सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहत होतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तलावाची पातळी दरवर्षी काही तास, काही दिवस, आठ फूट वर जात होती आणि धरण ते सोसून उभं होतं. धरणाची लोड टेस्ट मुठा नदी स्वतःच दरवर्षी घेत होती, फक्त तिचा निकाल कोणी वाचत नव्हतं. पूर ओसरला की पातळी पुन्हा सांडव्याच्या माथ्याला येऊन थांबायची आणि वरचं सगळं पाणी वाहून गेलेलं असायचं. मग हे आठ फूट पाणी धरून ठेवता आलं तर? भिंतीला हातही लावायचा नाही, फक्त सांडव्याच्या तोंडाला दारं बसवायची.

पण दारं लावली की धोका सुरू होतो. पूर मध्यरात्री आला आणि दारं वेळेवर उघडली नाहीत तर पाणी सांडव्यातून जाण्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर चढणार. घाटमाथ्याच्या नद्या किती झपाट्याने चढतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या काळात मोबाईल नव्हता, विजेवर चालणारी यंत्रणा नव्हती. पावसात चौकीदाराने धावत जाऊन एकेक दार फिरवायचं, हा एवढाच पर्याय. ज्या सांडव्याने धरण वाचवायचं त्यालाच बूच मारून ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून दारं अशी हवी होती की माणूस झोपला तरी ती जागी राहतील.

त्यांनी बसवलेल्या स्वयंचलित दारांचं तत्त्व तराजूसारखं आहे. एका बाजूला लोखंडी दारं, दुसऱ्या बाजूला जड वजन, आणि हे वजन विहिरीसारख्या एका हौदात लोंबकळतं. हौद रिकामा असेपर्यंत वजन भारी ठरतं आणि दारं बंद राहतात. तलावाची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर चढली की जास्तीचं पाणी आपोआप हौदात शिरतं. वजन पाण्यात बुडतं, आर्किमिडीजच्या नियमाने हलकं होतं, तराजू फिरतो आणि दारं उघडतात. पूर ओसरून पातळी उतरली की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा भारी होतं, दारं बंद. वीज नको, इंजिन नको, हुकूम नको. ज्या पाण्यापासून धोका तेच पाणी दार उघडतं. नववीत आर्किमिडीज शिकताना आपण मुगुट आणि बाथटबवर थांबलो, या माणसाने त्यावर पुण्याचं धरण सोपवलं!

ही दारं १९०३ मध्ये खडकवासल्यावर बसली. त्यामुळे तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी कायमची वाढली आणि साठा सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला. आठ फुटांत इतकं पाणी कसं, असं वाटेल. वाटीत आमटी ओतून बघा. तळाचा एक सेंटीमीटर भरायला चमचाभर लागते आणि काठाजवळचा एक सेंटीमीटर भरायला बरीच जास्त. तलाव वरच्या बाजूला पसरट असतो, म्हणून वरचे फूट जास्त मोलाचे. आणि पूर येताच दारं उघडत असल्याने पुराला जायची वाट पूर्वीएवढीच मोकळी राहिली. भिंतीवर पूर्वी कधी आला नव्हता असा भार त्यांनी टाकलाच नाही. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच. नवीन काही बांधण्याआधी त्यांनी जुन्याने काय काय सोसलं आहे याचा हिशेब केला.

या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण रॉयल्टी घ्यायला त्यांनी नकार दिला. सरकारी नोकरीत असताना, सरकारच्या कामासाठी लावलेल्या शोधाचे वेगळे पैसे घेणं त्यांना पटलं नाही. याच काळात त्यांनी कालव्याच्या पाण्याची ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची आणि त्यात पिकं आलटून पालटून घ्यायची, म्हणजे मूठभर लोकांच्या उसाने सगळं पाणी पिऊन टाकायला नको. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचा सल्ला द्यायला ते समुद्रापार जाऊन आले. पण सर्वोच्च पदं तेव्हा इंग्रजांसाठी राखीव असल्यासारखीच होती. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादवर मुसी नदीचा भयंकर पूर आला. हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी नुसतं शहर पाहिलं नाही, पुराच्या उलट दिशेने वर चढत पाणलोट क्षेत्र पाहिलं. तिथे ७८८ लहानमोठे तलाव होते. त्यांतले २२१ फुटलेले निघाले. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण एकामागून एक तलाव फुटत गेले आणि प्रत्येकाचं पाणी खालच्याच्या डोक्यावर पडलं. पुराच्या मागे आणखी एक पूर लागला. त्यांनी मुसी आणि इसी या दोन्ही नद्यांवर पूर थोपवणारी धरणं सुचवली. त्यांतून पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले. २२१ हा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. आपण मोठ्या धरणांची काळजी करतो, पण वरच्या अंगाचा विसरलेला एखादा पाझर तलावही खालच्या मोठ्या धरणाचं गणित बिघडवू शकतो.

पुढचं चरित्र बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागरचं काम सुरू झालं. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा पोलाद कारखाना यांच्यामागे त्यांचा हात होता. १९१५ मध्ये सर ही पदवी आणि १९५५ मध्ये भारतरत्न. कृष्णराजसागरावरही त्यांची स्वयंचलित दारं बसली.

ती ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही बसली होती, आणि तिथलं प्रकरण भाषणांत कोणी सांगत नाही. तिग्रा १९१७ च्या पावसाळ्यात फुटलं. पाणी माथ्यावरून गेलं आणि दगडी बांधकामाचे मोठे भाग पायावरून सरकले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरलेलं होतं. यात विश्वेश्वरय्यांचा मोठेपणा कमी होतो असं मला वाटत नाही. दारं पातळी सांभाळतात, पाया सांभाळत नाहीत. तो वेगळा तपासावा लागतो.

दुसरं प्रकरण आपल्या जवळचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. मातीचं, नवं, काम पुरतं संपलेलं नसलेलं धरण. त्याच्या विमोचकाच्या दारांचं कामही अपुरं होतं आणि पाऊस थांबत नव्हता. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं आणि खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं. पुण्यात काय झालं ते आजही जुन्या पुणेकरांना विचारलं तर ते गप्प होतात. खडकवासल्याचा सांडवा मुठेच्या पुरासाठी होता, वरचं धरण फुटून येणाऱ्या पाण्यासाठी नव्हता. हैदराबादला २२१ तलावांनी १९०८ मध्ये जे दाखवलं होतं तेच पुण्याने ५३ वर्षांनी पाहिलं. विश्वेश्वरय्या तेव्हा बेंगळूरला होते, शंभरीला टेकलेले. खडकवासला पुन्हा बांधलं गेलं, आता तिथे रेडियल दारं आहेत.

गेल्या मे महिन्यात आमचे सर आम्हा सातआठ जणांना पेण तालुक्यातल्या एका जुन्या छोट्या मातीच्या धरणावर घेऊन गेले होते. अपेक्षा होती यंत्रांची, पण सरांनी पहिला तास नुसतं चालायला लावलं. माथ्यावरून सरळ रेषेत बघा, कुठे खचलंय का. पाण्याकडच्या उताराचं दगडी पिचिंग निसटलंय का. खालच्या उतारावर मेमध्येही एकाच जागी हिरवंगार गवत का उगवलंय. पायथ्याशी पाझर आहे, ठीक, मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच, पण पाणी नितळ आहे की गढूळ? गढूळ म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय आणि आतून पोकळी होतेय. मग सांडवा. त्याच्या दगडी बाजूच्या भिंतीतून पिंपळ वर आला होता आणि पुढच्या चरात झुडपं इतकी माजली होती की पाण्याला वाकून जावं लागलं असतं! तिथल्या चौकीदार काकांनी हे आधीच वर कळवलेलं होतं. कोयता घेऊन चार माणसांचं दोन दिवसांचं काम. त्याला टेंडर कशाला लागतं हे मला अजून समजलेलं नाही.

खेकड्यांची बिळंही पाहिली. हसू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि झोपेत असलेली माणसं वाहून गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला होता आणि अख्ख्या महाराष्ट्रात त्यावर विनोद झाले. पण बिळं हा पाहणीच्या यादीतला खरा मुद्दा आहे. बीळ मेमध्ये सापडलं तर ती दुरुस्ती असते. जुलैमध्ये सापडलं तर ते कारण म्हणून सांगितलं जातं. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधी केली होती, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. धरण तर फार जुनंही नव्हतं.

जुन्या सांडव्याचं दुखणं दगडापुरतंच नसतं. लोखंडही म्हातारं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये होसपेटच्या तुंगभद्रा धरणाच्या १९ नंबरच्या दाराची साखळी तुटली आणि दार वाहून गेलं. सत्तर वर्षांचं धरण, भरलेला तलाव, आणि तुटली ती एक साखळी. वाहत्या पाण्यात तात्पुरतं दार बसवेपर्यंत आठवडा गेला आणि दरम्यान प्रचंड पाणी सोडून द्यावं लागलं. त्याशिवाय आकडेमोडही जुनी होते. पन्नास वर्षांपूर्वी सांडव्याची रुंदी ठरवताना त्या वेळपर्यंतच्या पावसाच्या नोंदी वापरलेल्या असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणातल्या प्रत्येक जुन्या सांडव्याने हा आकडा पाहिल्यानंतर आपलं गणित परत सोडवायला हवं. बांधकाम ठणठणीत असूनही सांडवा अपुरा असू शकतो.

कायद्याने आता हे बंधनकारकही झालं आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे ठरावीक उंचीच्या वरच्या धरणांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करावी लागते. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त, आणि त्यांतली कित्येक पन्नाशीच्या पुढे गेली आहेत. त्या प्रत्येकावर वर्षातून दोनदा कोणीतरी चालत गेलं पाहिजे आणि जे दिसलं ते रजिस्टरमध्ये खरं लिहिलं पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे आणखी चारपाच वर्षांनी आपल्यातलेच काही जण असणार आहेत. त्या दिवशी ऊन असेल, जीप धरणाच्या माथ्यापर्यंत जात नसेल, आणि मागच्या वर्षीचाच रिपोर्ट तारीख बदलून पुढे पाठवणं सोपं असेल.

विश्वेश्वरय्या १९५२ मध्ये, वयाच्या नव्वदीत, बिहारमध्ये मोकामाजवळ गंगेवरच्या पुलाच्या जागा पाहायला स्वतः गेले होते. नकाशे बेंगळूरला मागवून घेता आले असते, कोणी काही म्हटलं नसतं. १४ एप्रिल १९६२ रोजी बेंगळूरला त्यांचं निधन झालं.

यंदाच्या इंजिनीअर्स डेला सिव्हिलच्या मुलांनी पोस्टरऐवजी एक काम करावं असं मला वाटतं. सर परवानगी काढून देतील. कॉलेजपासून जवळचं एखादं जुनं धरण किंवा पाझर तलाव निवडायचा, पाऊस ओसरला की जाऊन त्याच्या माथ्यावरून आणि सांडव्यावरून चालायचं, दिसेल ते फोटो आणि तारखेसह लिहून काढायचं आणि पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात देऊन पोच घ्यायची. मेकॅनिकलवाल्यांनी दारं आणि साखळ्या बघाव्यात, ईएनटीसीवाल्यांनी पातळीचा सेन्सर कसा बसेल ते. पुढच्या मेमध्ये परत जाऊन काय बदललं ते बघायचं. माझं नाव यादीत पहिलं लिहा. समोसे परत आल्यावर खाऊ.